डिजिटल मानव्यविद्येसाठी ज्येष्ठ संशोधक नेमताना

डिजिटल मानव्यविद्या म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास यांचा संगणकाच्या साहाय्यानं अभ्यास. विद्यापीठात त्यासाठी ज्येष्ठ संशोधक नेमायचा असेल, तर जाहिरातीचा मसुदा करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर उतरवा: येणारी व्यक्ती पहिली दोन वर्षं कोणत्या साहित्यावर काम करणार? खान्देशात साहित्याला तोटा नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदपत्रं आहेत, तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. अहिराणी, लेवा गणबोली आणि नंदुरबारकडच्या भिली बोली आजही रोजच्या बोलण्यात आहेत. यातलं एक निवडा. 'सगळंच करू' असं लिहिलेल्या जाहिरातीला कोणीही अर्ज करतं आणि निवड समितीला अर्जदार एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

दुसरी चूक याहून महागात पडते. 'संगणक येणारा मराठीचा माणूस' शोधला जातो आणि मग त्याच्याकडे विभागाची वेबसाइट, ऑनलाइन परीक्षा आणि बिघडलेला प्रोजेक्टर येतो. हवा आहे पाठसंपादन (प्रती ताडून मूळ मजकूर ठरवणं) जाणणारा संशोधक, ज्याला यंत्राकडून नेमकं काय करून घ्यायचं ते कळतं. जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनात हे स्पष्ट लिहा.

पद आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) आहे का आणि बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं याची यादी) मागासवर्ग कक्षाकडून तपासून झाली आहे का, हे आधी पाहा. इथे राहिलेली त्रुटी मुलाखतीनंतर सगळी प्रक्रिया रद्द करायला लावू शकते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी पीएचडी, 10 वर्षांचा अध्यापन वा संशोधनाचा अनुभव, 10 शोधनिबंध, पीएचडीचं मार्गदर्शन आणि 120 संशोधन गुण लागतात. खरी अडचण 'संबंधित वा संलग्न विषय' या शब्दांत आहे. या क्षेत्रातल्या माणसाची पीएचडी मराठीत असेल, इतिहासात, भाषाविज्ञानात, ग्रंथालयशास्त्रात किंवा संगणकशास्त्रातही. कोणते विषय संलग्न धरायचे याचा ठराव जाहिरातीपूर्वी करून घ्या आणि ती यादी जाहिरातीतच छापा. नाहीतर छाननीतच चांगला अर्ज बाद होतो, आणि मुलाखतीच्या टेबलावर तो येत नाही म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही.

पीएचडी नसलेला पण 15 वर्षं अभिलेखागारात किंवा भाषा-तंत्रज्ञानात काम केलेला माणूस हवा असेल, तर प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर नेमल्या जाणाऱ्या प्राध्यापकाची, वाट आहे. ती मंजूर पदांपलीकडची आणि मुदतीची असते, शिवाय सेवेतल्या वा निवृत्त शिक्षकांना ती खुली नाही.

यूजीसीच्या संशोधन गुणांच्या तक्त्यात कॉर्पस (अभ्यासासाठी जमवलेला भाषेच्या नमुन्यांचा संग्रह), शब्दकोशाचा डेटाबेस किंवा लिपी वाचणारं सॉफ्टवेअर यांना स्वतंत्र रकाना नाही. म्हणून अर्जासोबत तीन कामांची प्रत्येकी एक पानाची नोंद मागवा: त्यात स्वतः काय केलं, बाकीचे किती जण होते, तो डेटा आज कुठे आहे आणि उघडतो का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. अनुदान संपलं की सर्व्हर बंद पडतो आणि काम नाहीसं होतं. हे ज्यानं आधीच ओळखून प्रती दुसरीकडे ठेवल्या, तो ज्येष्ठ.

मुलाखतीच्या 15 दिवस आधी सगळ्यांना सारखंच छोटं काम पाठवा: मोडीची दोन पानं आणि 10 मिनिटांचं अहिराणी ध्वनिमुद्रण लिहून काढायचं. चार तासांत होईल इतकंच द्या, आणि उत्तरं प्रकल्पात वापरू नका. मोडीत शब्द सहसा सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो; छापील देवनागरी वाचणारं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) त्यावर चालत नाही. उत्तरातल्या चुका मोजा: 1,200 अक्षरांच्या पानात 60 चुका म्हणजे 5 टक्के. पण नुसता आकडा पाहू नका. उमेदवारानं लेखन मुकाट्यानं आजच्या शुद्धलेखनात बदललं का, ते पाहा. बदललं असेल तर मूळ पुरावा गेला. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात) स्वतंत्र जागा आहे. ती वापरायची की देवनागरी लिप्यंतर करायचं, याचं कारण उमेदवाराला सांगता आलं पाहिजे.

बोलीसाठी एक प्रश्न पुरतो. आपल्याकडे अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' होतो. 'डोळा' शोधणाऱ्याला 'डोया' सापडलं पाहिजे, आणि मूळ नोंदीत 'डोया'च राहिलं पाहिजे. ही व्यवस्था कशी कराल? जाणकार लगेच दोन वेगळे थर सांगेल: एकात ऐकलं तसं, दुसऱ्यात प्रमाण रूप. 'आम्ही सगळं प्रमाण मराठीत आणतो' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा.

समितीतल्या तीन विषयतज्ज्ञांत एक पाठसंपादनाचा, एक भाषा-संगणनाचा आणि एक अभिलेखांचा असावा. तिघेही साहित्याचे असले की तंत्राबद्दल कोणी विचारत नाही. मुलाखती मे महिन्यात ठेवू नका. पारा 45 च्या आसपास असताना बाहेरचे तज्ज्ञ येण्याचं टाळतात आणि गणपूर्ती अडते.

सेवेतले उमेदवार योग्य मार्गानं, म्हणजे आपल्या संस्थेमार्फत, अर्ज करतात आणि ना हरकत प्रमाणपत्र उशिरा येतं. आगाऊ प्रत स्वीकारा, प्रमाणपत्र मुलाखतीपर्यंत चालेल असं लिहा. सूचना कालावधी तीन महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. वेतन संरक्षण आणि जुन्या पदावरचा धारणाधिकार (तिथे परत जाण्याचा हक्क) यांबद्दल नियुक्तीपत्राआधीच बोला.

हे तीन महिने वाया घालवू नका. ए-फोर आकाराचं रंगीत पान 400 डीपीआयवर (इंचाला 400 ठिपके) संकोचन न करता, म्हणजे फाइल लहान न करता, स्कॅन केलं, तर सुमारे 46 एमबी होतं. 10,000 पानांना जवळपास 460 जीबी, तीन प्रतींना 1.4 टीबी, त्यातली एक प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचं एक तासाचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण एक जीबीच्या थोडं वर जातं. डेटा साठवायची जागा, यूपीएस आणि दोन साहाय्यकांची पदं, एक मोडी वाचणारा आणि एक घरात अहिराणी बोलणारा, आधीच मंजूर करून ठेवा. साहाय्यक नसले की ज्येष्ठ संशोधक स्वतः स्कॅनरवर बसतो आणि वर्षभरात दुसरीकडे अर्ज करतो.

ज्या संस्थेचे कागद घ्यायचे, तिच्याशी करारही याच काळात करा: स्कॅन कोणाच्या मालकीचे, जालावर किती खुले, मूळ बाड इमारतीबाहेर जाणार की यंत्र तिकडे न्यायचं. बोलींच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलणाऱ्याची संमती त्याच्याच बोलीत विचारा आणि उत्तर त्याच्या आवाजात नोंदवा; न वाचता केलेल्या सहीपेक्षा ती भक्कम असते.