अंड्यांची कोंबडी निवडताना या चुका टाळा: आधी आपला मे महिना आठवा

सिन्नरच्या बाजूला आमची वस्ती आहे. एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, त्याच आठवड्यात एखाद्या संध्याकाळी गारा पडतात आणि जानेवारीत पहाटे शेकोटी सोडवत नाही. अशा ठिकाणी मी पहिल्यांदा ५० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या तेव्हा पिल्लंवाल्याला एकच प्रश्न विचारला, "वर्षाला अंडी किती?" त्याने ३०० च्या पुढचा आकडा सांगितला. माणूस खोटं बोलला नव्हता. पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या संकरित लेअर (अंड्यांसाठीच्या) कोंबड्या तेवढी अंडी देतात, पण शेडमध्ये, १६ तास उजेडात, रोज ११० ग्रॅमच्या आसपास तोलून दिलेल्या खाद्यावर. माझ्या अंगणात त्यांना मका, किडे आणि घरातलं उरलंसुरलं मिळत होतं. मे लागला तेव्हा टोपलीत रोज पाच-सहा अंडी, तीही अंगठ्याने दाबली की पिचणारी.

ऊन सोसतं कोण?

गंमत म्हणजे लेगहॉर्न उन्हाला कच्ची नाही. अंग हलकं आणि तुरा मोठा. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोंबत्या कातडीतून आणि धापा टाकून बाहेर काढते. थंड देशांतले लोक व्हिडिओत लहान तुऱ्याची जात घ्या म्हणतात, कारण तिकडे बर्फात तुरा गोठून काळा पडतो. आपल्याकडे तो सल्ला उलटा वाचायचा. पायांवर पिसं असलेली ब्रह्मा दिसायला राजेशाही, पण अवकाळीच्या चिखलात दोन दिवसांत तिच्या पायांना ढेकळं लटकतात.

माझ्या कोंबड्या उन्हाने नव्हे, पोटाने हरल्या. उकाड्यात कोंबडी खाणं कमी करते, पण भरपूर अंड्यांसाठी घडवलेली जात अंडी घालतच राहते, आणि चुना स्वतःच्या हाडांतून काढते. त्यात धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि कवच बनतं ते त्याच्यापासून तयार होणाऱ्या कार्बोनेटमधून. म्हणून कवच पातळ होतं. उपाय साधा आहे: मुख्य खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यायचं, दुपारी सावलीत गार पाणी, आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवायचा. कवच रात्री चढतं, तेव्हा चुरा पोटात असायला हवा.

'गावरान दिसते' म्हणून घेणं

रंगीत पिसं दिसली की आपण सगळ्यांना गावरान म्हणतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया दोन्ही काढल्या, दोन्ही रंगीत. पण वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी आहे, परसात वर्षाला १०० ते ११० अंडी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची, सांभाळ बरा असेल तर १६० ते १८०. वनराजाला हावरटासारखं खाऊ घातलं तर चरबी चढते, अंडी घटतात आणि तीच जाडी उन्हात जिवावर बेतते. अंडीच हवी असतील तर मी ग्रामप्रिया घेईन.

कडकनाथ मूळची झाबुआकडची, त्यामुळे उन्हाला सरावलेली. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अंडी जेमतेम ८० ते १००. अंड्यांच्या धंद्यासाठी ती घेणं म्हणजे गाडीला शर्यतीचा बैल जुंपणं. 'आम्ही सगळी अंडी परत विकत घेऊ' असं पिल्लं विकणारा कागदावर लिहून देत असेल, तर कागद परत करा.

उघड्या मानेची कोंबडी बाजारात दिसली की लोक हसतात. पण मान उघडी ठेवणाऱ्या जनुकाने पिसारा कमी होतो आणि उकाड्यात तिला हलकं वाटतं. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्यावरच 'हितकारी' तयार केली. शेजारी हसतील, हसू द्या.

सगळ्यात महाग पडलेली चूक

दुसऱ्या वर्षी ग्रामप्रियाची अंडी मी घरीच उबवली. पिल्लं फुकट आली म्हणून खूश होतो. पण ती संकरित जात. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. कोणी अंगाने भरली, कोणी नुसतीच उंच झाली, अंड्यांचा मेळ उरला नाही. दरवेळी नवी पिल्लं आणायची तयारी नसेल तर आधीच देशी कोंबडी घ्या. शिवाय या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, उबवायला एखादी देशी लागतेच.

'काटक आहे, लस कशाला?' हे वाक्यही तसंच. मानमोडीचा रोग कोंबडीची जात विचारून येत नाही. पहिल्या आठवड्यातली लासोटा आणि दोन महिन्यांच्या सुमाराची आरटूबी या त्यावरच्या लशी चुकवू नका.

पिल्लं कधी आणायची

तलंग साधारण २२ आठवड्यांच्या आसपास अंड्यावर येते. डिसेंबरात आणलेली पिल्लं नेमकी मेमध्ये पहिलं अंडं घालणार, म्हणजे भर उन्हात पहिली बाळंतीण. मी ऑगस्टच्या शेवटी आणतो. जानेवारी-फेब्रुवारीत अंडी सुरू होतात आणि ऊन तापेपर्यंत त्या स्थिरावतात. फक्त हिवाळ्यात दिवस ११ तासांवर येतो आणि अंड्यांसाठी १४ तरी लागतात. बल्ब पहाटे लावा. संध्याकाळी लावला आणि एकदम घालवला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढता न आल्याने कोपऱ्यात एकमेकींवर बसतात.

आणि अंडी थांबली की लगेच जातीला दोष देऊ नका. कोंबडी उलटी धरा, शेपटीखाली कटीची दोन टोकदार हाडं चाचपा. त्यांच्यात दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे, मग अंडी कुठे जातात ते शोधा: झुडपात, मुंगसाच्या पोटात, किंवा आमच्याकडे निघाली तशी जुन्या बैलगाडीखालच्या कडब्यात, एकोणीस. एकच बोट बसलं तर पिसं गळतायत का, पंखाखाली उवा आहेत का ते बघा. पावसानंतर खुराड्यातलं तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर ते आजच बदला.