नृत्याच्या क्लासमध्ये वजनाचा प्रश्न: गुरूंनी आणि घरच्यांनी काय करायचं

क्लासमध्ये वजनकाटा असेल तर आधी तो काढा. वजन बघणं डॉक्टरांचं काम. दुरुस्ती सांगताना शरीराबद्दल नको, हालचालीबद्दल बोला: ‘पोट आत घे’ऐवजी ‘कणा ताठ, गुडघे बाहेर’. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही शाबासकीही नको. उपाशी राहून बारीक झालेल्या मुलीला ती पुढच्या उपासाची परवानगी वाटते.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम ठरला की ड्रेसची मापं एकेकीला बाजूला घेऊन घ्या, आकडे मोठ्याने वाचू नका. शिंप्याला दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया ठेवायला सांगा. 11 ते 14 या वयात वजन वाढतंच, वाढायलाच हवं. मागच्या वर्षीचा ब्लाउज घट्ट झाला तर तो उसवायचा, मुलीला आटवायचं नाही.

आता खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर), म्हणजे वजनाच्या धास्तीने न खाणं किंवा खाऊन उलटी करणं, हे ओळखायचं कसं? आजारी मुलगी हडकुळीच दिसेल असं नाही. खाऊन उलटी करणाऱ्यांचं वजन बरेचदा नेहमीसारखंच असतं. त्यांच्यात गाल सुजलेले, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, जेवल्याबरोबर बाथरूम, दात झिजलेले अशा खुणा दिसतात. न खाणाऱ्यांना सोलापूरच्या उन्हातही थंडी वाजते, केस गळतात, उभं राहताना चक्कर येते. पाळी सलग तीन महिने चुकली, किंवा पायाच्या हाडाला पुन्हा पुन्हा बारीक तडा गेला, तर सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय का हे तपासायलाच हवं. मुलांनाही हा आजार होतो, फक्त त्यांच्याबाबत कुणी विचारत नाही.

आपल्याकडे सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उपास. संकष्टी, गुरुवार, एकादशी, मग नवरात्राचे नऊ दिवस आणि रात्री दांडिया. घरच्यांना श्रद्धा दिसते. उपास सुटल्यावर ती मोकळेपणाने जेवते का, ते बघा. सुटल्यावरही ताट टाळत असेल तर कारण देवाचं नाही.

संध्याकाळच्या क्लासआधी दीड-दोन तास एक ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, दही. संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध-केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू. कॅलरी मोजायला लावू नका. मोजणंच आजाराला खाद्य देतं.

बोलायचं एकांतात: ‘अगं, हल्ली तू दमलेली दिसतेस, काळजी वाटते.’ वजन, ताट, शिस्त यांतलं काही काढू नका. ती नाकारेल, आठवड्याने पुन्हा विचारा, घरच्यांनाही विश्वासात घ्या. आधी फिजिशियन, मग मानसोपचारतज्ज्ञ. नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस तपासून घ्या. उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शुद्ध हरपली, छातीत धडधड झाली किंवा नाडी 50च्या खाली गेली, तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या. बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपेट जेवण घालू नका, फॉस्फरस घसरून जीवावर बेतू शकतं. मराठीतून बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

उपचार चालू असताना नाव कमी करू नका. डॉक्टरांनी उड्या-गिरक्या बंद केल्या असतील तर बसून अभिनय, हस्तमुद्रा, ताल हातावर धरणं. पूर्ण सराव त्यांनी होकार दिल्यावर, तोही आधी वीस मिनिटांचाच.