मुलाखतीच्या आदल्या रात्रीची क्वार्टर

ड्रायव्हर, क्रेन ऑपरेटर अशा कामाची मुलाखत असेल, तर आदल्या रात्री दारू नकोच; तिथे श्वासातल्या अल्कोहोलची मशीनने चाचणी होऊ शकते. ‘सकाळपर्यंत उतरते’ या भरवशावर राहू नका. व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला जेमतेम 7-8 ग्रॅम निकाली काढतं. रात्री बाराला संपवलेली क्वार्टर सकाळी आठलाही अंगात असू शकते. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेच हा वेग वाढत नाही. बडीशेपही कामाची नाही, कारण मशीन फुफ्फुसातून येणाऱ्या श्वासातलं अल्कोहोल मोजतं, तोंडाचा वास नाही.

मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण कंपनी शून्याचा आग्रह धरू शकते. अल्कोहोल असलेला माउथवॉशही चाचणीच्या तोंडावर टाळा. वापरलाच असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि 15-20 मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा.

सकाळी घोट घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठा. अशा अवस्थेत स्वतःच्या मनाने दारू एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. मुलाखतीची तारीख पुढची मागता येते.