डिचोलीहून स्वीडनला निघालेल्यांसाठी: पहिल्या बर्फाआधी

चतुर्थीला घरी आलो की स्वीडनला निघालेली दोन-तीन मुलं भेटायला येतातच. घरभाडं विचारतात, मसाले कुठे मिळतात विचारतात. मसाले मिळतात. घराला वेळ लागतो, पण मिळतं. रस्त्याचं मात्र कोणीच विचारत नाही. मी तिथे सहा हिवाळे रात्रपाळीला रस्त्याची ग्रिप मोजणाऱ्या गाडीवर होतो, म्हणून तेवढंच सांगतो.

त्या गाडीला मागे एक छोटं जादा चाक असतं. ते रस्त्यावर टेकवून गाडीपेक्षा थोडं हळू फिरवतात, की घर्षणाचा आकडा मिळतो. कोरडं डांबर ०.७ ते ०.८, दाबून बसलेला बर्फ ०.२ ते ०.३, ओला गुळगुळीत बर्फ ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ६० किलोमीटरवर ब्रेक मारला तर ०.७ ला गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते, ०.१ ला १४० मीटर लागतात. आकडा खाली आला की मिठाची गाडी निघते. कडाक्याच्या थंडीत मीठ चालत नाही, तेव्हा वाळू टाकतात.

थंडी वाढली म्हणजे घसरण वाढली, असं आपल्या लोकांना वाटतं. ते खरं नाही. उणे १५ ला कोरड्या बर्फावर टायर बऱ्यापैकी धरतो. घात शून्याच्या आसपास होतो, बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हा. श्रावणात अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर आपण पाय कसा टाकतो, तशी तिथे गाडी चालवायची.

माझा पहिला नोव्हेंबर. गाडीत तापमान अधिक १ दिसत होतं, रस्ता नुसता ओला वाटत होता. उन्हाळी टायर होते, म्हणजे थंडीत रबर कडक होणारे. आपल्याच एका ओळखीच्याने सांगितलं होतं, 'डिसेंबरपर्यंत चालतात.' पुलावर चढलो आणि स्टीअरिंग एकदम हलकं झालं. गाडी कठड्यावर गेली. पुलाला खालूनही गार वारा लागतो, तो रस्त्याआधी गोठतो. सक्तीचा विमा माणसांना झालेली इजा आणि दुसऱ्याचं नुकसान भरतो, आपल्या गाडीचं नाही. माझी गाडी भंगारात गेली, सहा महिन्यांची बचत संपली. मागून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने मात्र थांबून मला घरापर्यंत सोडलं. ती माणसं कमी बोलतात, पण रस्त्यावर टाकून जात नाहीत.

कायदा हिवाळी टायर १ डिसेंबर ते ३१ मार्च सक्तीचे म्हणतो, तेही रस्त्यावर हिवाळी स्थिती, म्हणजे बर्फ किंवा गोठलेलं दंव असेल तर. तुम्ही ऑक्टोबरातच हिवाळी टायर चढवा. टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल हवी. ग्रुपवर कोणी स्वस्तात जुने विकत असेल तर घेऊ नका. रबर कडक झालेलं असतं.

रोज निघताना मागेपुढे कोणी नाही बघून ताशी ३० वर एकदा जोरात ब्रेक दाबा. कोरड्यावर ५ मीटरमध्ये थांबाल, ०.२ ला १८ लागतील. पायाखाली ब्रेकच्या पेडलची खडखड झाली (चाकं अडकू न देणारं ABS चालू झालं) आणि गाडी पुढेच जात राहिली, की त्या दिवसाचा आकडा तुम्हाला कळला.

आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून वर्षभरच चालतं. पुढे तिथलं काढताना घसरत्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. वर्ष संपायची वाट बघू नका, शिकाऊ परवानगी हातात येताच त्या प्रशिक्षणाची तारीख घ्या.