गाढवासोबत डोंगरवाटेनं पळताना

आमची गाढवी काळी, माळेगावच्या जत्रेतली. बालाघाटाच्या डोंगरात तिच्यासंगं पळताना आधी हे शिकलो, की दोर ओढायचा नाही. पुढून ओढलं की ती पाय रोवतेच. तिच्या खांद्याच्या जरा मागं, बाजूनं पळा. पार मागं नको, लाथ बसते. निघण्याआधी खुरातले खडे काढा.

ओढ्यापाशी थांबली तर थांबू द्या. गाढव भ्यालं की घोड्यासारखं उधळत नाही, जागीच थबकतं. लोक त्याला हट्ट म्हणतात, मला पटत नाही. काळी पाणी हुंगते, कान पुढं करते, एक पाय टाकून बघते, मग आपसूक निघते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९४९ पासून गाढवासंगं पळायच्या शर्यती होतात. तिथंही गाढवावर बसायला मनाईच आहे.