नागपुरात नवीन आलात? आधी आहेरातले पँटपीस बाहेर काढा

नागपूरला बदली झाली की पहिल्याच महिन्यात सगळे मॉलमध्ये जाऊन उन्हाळ्याचे कपडे घेतात. आम्हीपण तेच केलं होतं. मी मूळची मिरजेची, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही २००८ च्या मे महिन्यात इथे आलो, पारा ४५ च्या वर आणि सोबत आणलेले सगळे शर्ट पॉलिएस्टरचे, आठ दिवसांत मिस्टरांची पाठ घामोळ्यांनी भरली. मग मॉलमधून एक भारीतला शर्ट घेतला तर तिसऱ्या धुण्यात कॉलरचा रंग उडाला आणि दुकानदाराने बदलून दिला नाही. तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून एवढे पैसे घालवून राहिले जी? गांधीबागेत जा, कापड घ्या अन् शिवून टाका." मला खरं तर लाज वाटली होती, कारण कापड घेऊन शिवणं म्हणजे आमच्या बाबांच्या पिढीचं काम, कॉलेजात असताना आम्ही मफतलाल, बॉम्बे डाइंग, विमल ही नावं ऐकली तरी नाक मुरडायचो.

आज आमच्या घरात निम्म्याहून जास्त कपडे याच नावांचे आहेत, आणि मी हे अगदी मनापासून सांगतेय.

सगळ्यात आधी काही विकतच घेऊ नका. गावाकडे आईला किंवा सासूबाईंना फोन करा आणि विचारा की आहेरात आलेले पँटपीस-शर्टपीस कपाटात किती पडलेत. प्रत्येक मराठी घरात असतात, इकडून आलेला पीस तिकडे आहेरात फिरत असतो. आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत रेमंडचा एक करडा पीस २० वर्षं घडी करून ठेवलेला होता, डांबरगोळ्यांचा वास सोडला तर कापडाला काहीही झालेलं नव्हतं. असा पीस उघडला की किनारीवर बघा, तिथे बारीक अक्षरात मिलचं नाव आणि बऱ्याचदा लोकर किती, पॉलिएस्टर किती हे छापलेलं असतं. फक्त घडीच्या रेषेवर कापड उजेडासमोर धरून बघायचं, विरतं ते तिथेच. टेरीवूल म्हणजे लोकर-पॉलिएस्टर मिक्स असेल तर डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा, इथे थंडीपण चांगली पडते, पारा १० च्या खाली जातो हे नवीन माणसाला खरं वाटत नाही.

उन्हाळ्याला मात्र सुतीच. मफतलालचं टू बाय टू रुबिया आपल्याकडे बायका ब्लाउजला घेतात, मी त्याचे घरात घालायचे कुर्ते शिवून घेते, नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, अंगाला दुसरं काही सहन होत नाही. दुकानात "प्युअर कॉटन आहे ताई" असं सगळेच म्हणतात, त्यावर जाऊ नका. काठाचा एक दोरा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडीवर धरा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राखेचा बोटांत भुगा होतो, पॉलिएस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिक्स कापडात दोन्ही होतं, जळतं पण आणि मणीपण राहतो. हे मला आमच्या महाल भागातल्या टेलरकाकांनी शिकवलं, त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल बंद पडली आणि आता त्या जागेवर मॉल उभा आहे, पण तिथे काम केलेल्यांच्या घरात कापडाची पारख अजून आहे, त्यांना विचारा, ते हातात घेऊन सांगतात.

किती घ्यायचं हे आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून ठरवा. ५८ इंच पन्हा असेल तर फुल शर्टला १.६० मीटर पुरतं, ३६ इंचात सव्वादोन ते अडीच लागतं, पँटला मोठ्या पन्ह्यात साधारण १.२० ते १.३०. सुती कापड शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आखडते आणि बोल टेलरला बसतो. कापड आणि शिलाई मिळून मॉलमधल्या एका शर्टाच्या पैशात आमचे दोन होतात.

पोरांना शिवलेलं नको असतं ते मान्य. त्यांच्यासाठी बर्डीला जा, मेट्रो थेट सीताबर्डीला उतरवते. फ्लाइंग मशीन १९८० पासूनचा आपल्या अरविंद मिलचा जीन्सचा ब्रँड आहे, मधल्या काळात विदेशी नावांपुढे तो मागे पडला होता, आता माझा मुलगा स्वतःहून तोच मागतो. त्याच कंपनीची रफ अँड टफ आठवते का, १९९५ च्या सुमाराची? पाकिटात कापड, झिप, बटण, रिवेट सगळं यायचं आणि जीन्स टेलरकडून शिवून घ्यायची. माझ्या भावाने ती शिवून घेतली होती आणि कितीतरी वर्षं वापरली. बाटाचे कॅनव्हासचे बूट पण बघा, आम्ही शाळेत पीटीला घालायचो तेच आता पोरं जीन्सवर घालतात. सेलची घाई करू नका, उन्हाळी मालाचे भाव जुलैत उतरतात आणि गरम कपड्यांचे जानेवारीच्या शेवटी. खादीवर २ ऑक्टोबरच्या आसपास सूट असते, वर्धा-सेवाग्राम इथून जवळच आहे, एखाद्या रविवारी जाऊन आलात तर तिथेपण खादी बघा. आणि एक सुती दुपट्टा प्रत्येकाला घ्याच, पुरुषांनासुद्धा, इथे एप्रिल-मेमध्ये कान आणि डोकं बांधल्याशिवाय कोणी दुपारी गाडीवर निघत नाही.

शिवायला टाकायचं ते पोळ्याच्या आधी टाका, नवरात्र लागलं की आमचे टेलरकाका दिवाळीपर्यंत नवीन माप घेतच नाहीत.