दिओरच्या स्केचवरून मांजरपाटाचा कच्चा सूट

फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियां दिओरचं पहिलं कलेक्शन १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये आलं. त्यातला 'बार' सूट, म्हणजे फिकट रेशमी जॅकेट आणि काळा लोकरी प्लीटेड स्कर्ट, शिवून बघावा असाच आहे. पॅरिसच्या कारखान्यांत स्केच हाती आलं की आधी साध्या सुती कापडाचा नमुना शिवत. आपल्याकडे त्याला मांजरपाटच घ्यावा. रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. कोरा कापलात तर धुतल्यावर आटतो.

स्केचवरून मापं काढू नका. फॅशन स्केचमधली बाई साधारण नऊ डोकी उंच असते, खरी साडेसात, आणि वाढवलेली उंची बहुतेक पायांत जाते. त्या प्रमाणात कापलेला स्कर्ट घोट्यावर लोळतो. स्केचमधून फक्त आकार घ्या: उतरता खांदा, आवळलेली कंबर, नितंबावर फुललेला पेपलम, म्हणजे जॅकेटचा कंबरेखालचा घेर. स्कर्टची लांबी जमिनीपासून १२ इंच वर धरा.

प्लीट्सचा हिशोब नितंबावर करा. इथेच बहुतेकांचं चुकतं: कंबरेवर मोजल्या की खाली प्लीट्स फाकतात. नितंब ३८, कंबर २६ असेल तर २ इंचांच्या १९ प्लीट्स. तिप्पट कापड म्हणजे ११४ इंच. ४४ पन्ह्याचे तीन पाट जोडा. कंबरेशी १२ इंच कमी करायचे, म्हणून प्रत्येक प्लीट वर पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त दाबा. एकदोन प्लीट्समध्येच सगळं दाबलंत तर पोटावर गोळा येतो. स्कर्टला अडीच मीटर कापड पुरतं.

मूळ जॅकेटच्या पेपलमला आतून भर होती. आपण दोन मांजरपाटांत पिंजलेला कापूस पातळ पसरून गोधडीसारखा धावदोरा घालावा. भर कंबरेच्या शिवणीखाली १ इंच सोडूनच सुरू करा, नाहीतर कंबर जाड दिसते आणि सगळा डौलच जातो. कडेला कापूस विरळ करत न्या, म्हणजे वरून कड उमटत नाही.

अंगावर घालून टाचण्यांनी दुरुस्त्या करा, खडूच्या खुणा पेनाने पक्क्या करा, मग शिवण उसवा. तेच तुमचे पॅटर्न.

पक्क्या कापडाला लोकर नको, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या घरात जातो. स्कर्टला जाड सुती ड्रिल घ्या. केंब्रिकसारख्या पातळ सुती कापडावर प्लीट धरत नाही. ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबा आणि कापड पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका.